औषधाची मात्रा : एका दशांशचिन्हाचे अंतर

पनवेल : बारावीला जीवशास्त्र घेऊन आणि गणिताला रामराम ठोकून परिचर्या अभ्यासक्रमाला आलेल्या विद्यार्थ्यांना गणित पुन्हा भेटते ते थेट रुग्णाच्या खाटेपाशी. पनवेल शहरातील उपजिल्हा रुग्णालय, कामोठ्याचे एमजीएम रुग्णालय आणि त्याचे परिचर्या महाविद्यालय यांमुळे या परिसरात परिचारिकांची गरज आणि प्रशिक्षण दोन्ही आहे. बी.एस्सी. नर्सिंगला २०२१ पासून सत्रपद्धती आली. औषधशास्त्र दुसऱ्या वर्षी शिकवले जाते. तीन वर्षांच्या जीएनएम पदविकेला तर कला वा वाणिज्य शाखेतूनही येता येते. मात्रेचे गणित मात्र सर्वांना सारखेच.

मूळ सूत्र सातवीच्या त्रैराशिकाचे आहे. डॉक्टरांनी लिहिलेल्या मात्रेला बाटलीवर छापलेल्या मात्रेने भागायचे आणि ती मात्रा जितक्या मिलिलिटरमध्ये आहे, त्याने गुणायचे. अवघड आहे ते त्यात योग्य आकडे घालणे. ताप आलेल्या १२ किलो वजनाच्या मुलाला किलोमागे १५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल सांगितले, तर एका वेळची मात्रा १८० मिलिग्रॅम होते. ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेले सिरप असेल, तर ३.६ मिलिलिटर, १२५ चे असेल, तर ७.२. तान्ह्या मुलांसाठीच्या थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असतात, तेव्हा अवघे १.८ मिलिलिटर पुरते. म्हणजे १२५ च्या सिरपसाठी काढलेले ७.२ हे उत्तर थेंबांच्या बाटलीला लावले, तर मुलाच्या पोटात चौपट औषध जाईल. आकडेमोड बिनचूक, पण बाटली दुसरी!

इन्शुलिनच्या बाबतीत आपल्या देशात एक वेगळाच पेच आहे. येथे १ मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या व्हायल सर्रास वापरात आहेत, तर पेनमधील इन्शुलिन बहुधा १०० युनिटचे असते. सिरिंजही दोन प्रकारच्या : लाल टोपणाची ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. ४० च्या व्हायलमधून १०० च्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत औषध ओढले, तर रुग्णाला २० ऐवजी ८ युनिटच मिळतात. उलट अदलाबदल झाली, तर २० ऐवजी ५० युनिट जातात आणि रक्तातील साखर जिवावर बेतण्याइतकी खाली येऊ शकते. म्हणून सिरिंज हाती घेण्याआधी व्हायलवरील आकडा आणि टोपणाचा रंग ताडून पाहणे हाही मात्रेच्या गणिताचाच भाग समजावा.

सलाईनचेही असेच. ५०० मिलिलिटर ८ तासांत द्यायचे असेल आणि संचातून १ मिलिलिटरला २० थेंब पडत असतील, तर मिनिटाला साधारण २१ थेंब येतात. मुलांसाठीच्या सूक्ष्म थेंबांच्या संचातून १ मिलिलिटरला ६० थेंब पडतात. त्यावर तेच २१ थेंब लावले, तर आठ तासांचे सलाईन जवळजवळ चोवीस तास चालेल. किती थेंब, हे संचाच्या वेष्टनावर छापलेले असते. ते वेष्टन फाडून आधी कचऱ्यात टाकण्याची घाई नडते.

चुकांचा मोठा वाटा लिहिण्या-वाचण्याचा आहे. ५ मिलिग्रॅम हे ५.० असे लिहिले आणि टिंब पुसट उमटले, की ते ५० वाचले जाते. पूर्णांकापुढे शून्य लावू नये आणि ०.५ मधील टिंबाआधीचे शून्य गाळू नये, हा नियम त्यातूनच आला. युनिटसाठी केवळ इंग्रजी 'यू' लिहिल्यास तो शून्यासारखा दिसतो. मायक्रोग्रॅमचे संक्षिप्त रूप मिलिग्रॅम समजले गेले, तर फरक हजारपटीचा. मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी आणखी एक खबरदारी : आपला मराठी '१' घाईत इंग्रजी नऊसारखा आणि मराठी '५' इंग्रजी चारसारखा वाचला जाऊ शकतो. नातेवाइकांनी वहीत टिपून आणलेली घरची औषधे वाचताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

अशी चूक प्रगत देशांतही घडते. नोव्हेंबर २००७ मध्ये लॉस एंजलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयात अभिनेता डेनिस क्वेड याच्या नवजात जुळ्यांना हेपॅरिनची हजारपट तीव्र मात्रा दिली गेली. १० युनिटच्या जागी १०,००० युनिटची व्हायल वापरली गेली होती. सुदैवाने दोन्ही मुले वाचली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी इजा कमी करण्याची जागतिक मोहीम हाती घेतली.

इन्शुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम क्लोराइड, मॉर्फिन अशा जोखमीच्या औषधांसाठी दोघींनी हिशेब करावा, असा संकेत आहे. दुसरीने पहिलीचा कागद न पाहता तो स्वतंत्रपणे मांडायचा. नुसती सही म्हणजे पडताळणी नव्हे. त्याआधी उत्तराचा ढोबळ अंदाज बांधावा. एका प्रौढ रुग्णाच्या एका मात्रेसाठी पाच-सहा अँप्यूल फोडाव्या लागत असतील, तर हात थांबला पाहिजे आणि वॉर्डच्या सिस्टरांना किंवा डॉक्टरांना विचारले पाहिजे. विद्यार्थिनीने देखरेखीविना इंजेक्शन देऊ नये, हे तर आहेच. वॉर्डातली घाई, वरिष्ठांचा धाक आणि 'एवढेही येत नाही का' हे ऐकावे लागण्याची भीती यांमुळे अनेकदा प्रश्न ओठांवरच राहतो. त्यामुळे शिकवणाऱ्यांनी सूत्राइतकाच सराव या प्रश्न विचारण्याचाही करून घ्यायला हवा.