हिशेबाबाहेरची भिंत

ज्ञानदेवांनी चालविलेल्या भिंतीची कथा मराठी मनात इतकी रुजली आहे की भिंत हलणे म्हणजे चमत्कारच, असे आपण धरून चालतो. त्या कथेत वाघावर बसून भेटीस निघालेले चांगदेव खानदेशाशी जोडलेले. तापी-पूर्णेच्या संगमावर त्यांच्या नावाचे गाव आणि जुने मंदिर आहे. त्याच तापीच्या खोऱ्यात, जळगावात सामावून गेलेल्या पिंप्राळ्यात हिंडताना आम्हांला ही कथा आठवली, ती मात्र निराळ्या कारणाने. चमत्कारावाचूनही भिंत हलते. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला होता, हे खानदेशातही आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही.

महाराष्ट्राच्या स्मरणात आहे ती ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसर हादरला. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. तेथील अनेक घरे खणांची होती: लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा, वर वर्षानुवर्षे थर चढून जड झालेले मातीचे माळवद, भोवती दगडमातीच्या रुंद भिंती. (आमच्याकडील धाबे ह्याच कुळातले.) भिंतीत दगडांचे दोन थर, आतला व बाहेरचा, मध्ये चुरा आणि चिखल, दोन्ही थरांना आरपार बांधणारा दगड क्वचितच. हादऱ्यासरशी थर विलग होऊन ढासळले. मात्र कित्येक ठिकाणी भिंती पडूनही लाकडी सांगाडा उभा राहिलेला पाहणी करणाऱ्यांना आढळला. ह्या दृश्याचा अर्थ आपण फार घाईने लावला, असे आमचे मत आहे. दगडमाती घातक, सिमेंट-लोखंड सुरक्षित, एवढेच आपण वाचले. सांगाडा आणि भिंत ह्यांच्या परस्परसंबंधाचा जो प्रश्न तेथे उघडा पडला होता, तो तसाच राहिला, आणि आरसीसीच्या घरात आपल्याबरोबर राहावयास आला.

आरसीसी इमारतीत भार वाहतात ते खांब आणि बीम. मधली विटांची भिंत ही मागाहून भरलेली. हिशेबात तिचे वजन धरले जाई, बळ नाही. पण जमीन आडवी हलली की खांब-बीमची चौकट तिरपी होऊ लागते. तिचा एक कर्ण आखडतो, दुसरा लांबतो. आखडणाऱ्या कर्णाच्या दिशेने भिंत दाबली जाते आणि तिरक्या टेकूसारखी चौकटीला अडून धरते. सोव्हिएत संशोधक पोल्याकोव्ह ह्यांनी १९५० च्या दशकातच ही टेकूची कल्पना मांडली होती. हादऱ्याची दिशा उलटली की टेकूही उलटतो. म्हणून भूकंपानंतर भिंतींवर फुलीसारख्या भेगा दिसतात. चांगल्या बांधणीची, चौकटीला घट्ट भिडलेली भिंत अशा रीतीने मार खाते आणि खांबांवरचे संकट काहीसे हलके करते. सैल असेल तर तीच सबंध बाहेर कोसळते.

खरा घात होतो तो भिंती विषम वाटल्या गेल्या की. वरचे मजले भिंतींनी ताठ, आणि तळमजला पार्किंगसाठी मोकळा. मग इमारतीचे सारे डोलणे त्या उघड्या खांबांतच एकवटते. १९९७ च्या जबलपूर भूकंपाने ह्याची सूचना दिली होती. २६ जानेवारी २००१ रोजी भूजजवळ धरणी हादरली, तेव्हा दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत अशा कित्येक इमारती बसल्या. खिडक्यांच्या पट्ट्यासाठी अर्ध्यावर थांबविलेली भिंतही तितकीच वाईट: खांबाचा वरचा आखूड तुकडा तेवढा मोकळा राहतो आणि सगळा झटका त्यावर येतो. शाळांच्या व्हरांड्यांकडे ह्या दृष्टीने एकदा पाहावे.

भूजनंतर, २००२ मध्ये, भारतीय मानक १८९३ ने मोकळ्या तळमजल्याचे खांब अडीच पट बलासाठी आखावेत असे म्हटले. भिंतीला तिरका टेकू म्हणून हिशेबात घेण्याची रीत २०१६ च्या आवृत्तीत आली. मधल्या काळात, आणि त्याआधीही, जे बांधले गेले ते उभेच आहे.

पिंप्राळ्याच्या जुन्या गावभागाभोवती आता वसाहती पसरल्या आहेत. खाली मोटारसायकली, वर चार मजले. तेथे कोणी हॉल मोठा करावयास काढला की मधली भिंत जाते. सांगाडा आरसीसीचा आहे, भिंत म्हणजे नुसता पडदा, असे मिस्त्री सांगतो. त्याला दोष देता येत नाही. नकाशा काढणाऱ्यानेही तेच धरलेले असते.