भूसेनेचे विमानदल : भारतातील कायदेशीर आधार
भूसेनेच्या अखत्यारीतील विमाने व हेलिकॉप्टरांच्या तुकड्यांना कायद्याने मिळालेले स्थान. अमेरिकेच्या काँग्रेसने १८ जुलै १९१४ च्या कायद्याने भूसेनेच्या सिग्नल कोअरमध्ये विमान विभाग निर्माण केला. ६० अधिकारी व २६० सैनिक ही कमाल संख्याही त्यातच ठरवली. ब्रिटनची रॉयल फ्लाइंग कोअर १९१२ साली राजाज्ञेने उभी राहिली. भारतात मात्र भूसेनेच्या विमानदलासाठी स्वतंत्र कायदा झालेला नाही. विधिमंडळाने कायदा केला तो वेगळ्या हवाई दलाचा, इंडियन एअर फोर्स अ‍ॅक्ट, १९३२. तो ८ ऑक्टोबर १९३२ पासून लागू झाला. यावर असा आक्षेप घेता येतो की ते दल नावापुरतेच वेगळे होते: १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिघ रोड येथे उभारलेली पहिली स्क्वाड्रन चार वापिती विमानांची आणि भूसेनेला साहाय्य करणारी होती, पुढे ती वझिरिस्तानातही त्याच कामावर गेली. वस्तुस्थिती म्हणून हे मान्यच करावे लागते. पण काम भूसेनेचे असले तरी वैमानिकाची शिस्त, हुद्दा व शिक्षा वेगळ्या कायद्याखाली गेल्या, आणि भूसेनेला स्वतःची विमाने ठेवण्याची वाट या कायद्याने करून दिली नाही.

ती वाट तोफखान्याने काढली. तोफेचा मारा कुठे पडतो हे वरून पाहून सांगणारा माणूस तोफखान्याचाच हवा, ही गरज कायद्याच्या आधीची आहे. स्वतंत्र भारताची पहिली एअर ऑब्झर्व्हेशन पोस्ट फ्लाइट ऑगस्ट १९४७ मध्ये उभी राहिली आणि पुढची सुमारे चाळीस वर्षे हे काम तोफखान्याच्या अधिकाऱ्यांकडे राहिले. १ नोव्हेंबर १९८६ रोजी आर्मी एव्हिएशन कोअर वेगळी झाली, तेव्हाही संसदेपुढे नवे विधेयक आले नाही. त्याची गरजच नव्हती: आर्मी अ‍ॅक्ट, १९५० मध्ये ‘कोअर’ म्हणजे त्या कायद्याखालील व्यक्तींचा, कोअर म्हणून विहित केलेला स्वतंत्र गट. ही व्याख्या इतकी मोकळी आहे की नवी शाखा सरकारी निर्णयाने तिच्यात सामावते. संसदेत चर्चा झाली असती तर हवाई दल व भूसेना यांच्यातील हेलिकॉप्टरांची वाटणी उघडपणे ठरली असती, हा आक्षेप रास्त आहे; सोय साधली, ती या चर्चेच्या मोबदल्यात.

या कोअरच्या वैमानिकांचे प्रशिक्षण २००३ पासून नाशिक येथे होते.

आर्मी अ‍ॅक्टचेच कलम १२ स्त्रियांना केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवील त्याच शाखांत प्रवेश देते. आर्मी एव्हिएशनमध्ये त्यांच्याकडे आधी जमिनीवरची कामे होती. २५ मे २०२२ रोजी कॅप्टन अभिलाषा बराक नाशिकहून लढाऊ वैमानिक म्हणून बाहेर पडल्या. त्यासाठीही संसदेला कायदा बदलावा लागला नाही.