सचल जीआयएफ : व्हिडिओपासून निर्मिती

सचल जीआयएफ म्हणजे व्हिडिओतील निवडक फ्रेम एकाच चित्रफाइलमध्ये ओळीने साठवून केलेले, आपोआप चालणारे आणि संपताच पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारे मूक चित्र. ते पाहण्यासाठी वेगळा प्लेअर लागत नाही. फोटोशॉप, गिंप यांसारख्या चित्रसंपादन सॉफ्टवेअरमध्ये ते तयार करता येते. रंग, काळ आणि आकार या तिन्ही बाबतींत हा प्रकार काटकसरी आहे; त्यामुळे काय टाळायचे हे ओळखणे हेच त्याचे मुख्य कौशल्य. या नोंदीतील उदाहरणे पालघर जिल्ह्यातील आहेत. तारपा या वाद्याच्या सुरांवर होणारा तारपा नाच, वारली चित्रे, केळव्याचा किनारा आणि बोईसर-तारापूरचा कारखानदारी पट्टा यांतून या तंत्राची बलस्थाने आणि मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात.

पूर्वपीठिका

थोड्याच चित्रांची फेरी सतत फिरवून हालचालीचा भास निर्माण करण्याची कल्पना संगणकाच्या फार आधीची आहे. बेल्जियमचे जोसेफ प्लॅटो यांनी 1832 मध्ये तयार केलेल्या फिरत्या चकतीवर एकाच हालचालीच्या क्रमवार अवस्था काढलेल्या असत. महाराष्ट्रात दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (1913) या चित्रपटाआधी, 1912 मध्ये, वाटाण्याच्या रोपाची वाढ ठरावीक अंतराने एकेक फ्रेम घेऊन चित्रित केली. पुढे ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात त्यांनी आगकाड्या फ्रेमगणिक हलवून चालत्या केल्या.

जीआयएफ हे फाइलस्वरूप अमेरिकेतील कॉम्प्युसर्व्ह कंपनीने 15 जून 1987 रोजी जाहीर केले. ते स्टीव्ह विल्हाइट यांच्या नेतृत्वाखाली विकसित झाले. 1989 च्या सुधारित आवृत्तीत दोन फ्रेममधील विलंब आणि पारदर्शक रंग यांची सोय झाली. नेटस्केप नॅव्हिगेटर 2.0 या ब्राउझरने अखंड पुनरावृत्तीची सूचना फाइलमध्ये घालण्याची पद्धत रूढ केली. जीआयएफमधील एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशनच्या पेटंटवरून 1994 अखेरीस वाद उभा राहिला आणि त्यातून पीएनजी हे पर्यायी स्वरूप जन्माला आले. अमेरिकेतील ते पेटंट 2003 मध्ये संपले.

फाइलची रचना

जीआयएफमधील प्रत्येक फ्रेमला जास्तीत जास्त 256 रंगांचे एक पॅलेट असते. सर्व फ्रेमना एकच सामाईक पॅलेट देता येते, किंवा प्रत्येक फ्रेमला स्वतंत्र. प्रत्येक पिक्सेल पॅलेटमधील एका रंगाचा क्रमांक तेवढा सांगतो. एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशन या क्रमांकांच्या ओळींत पुन्हा येणाऱ्या मालिका शोधून त्यांना छोटे संकेत देते. म्हणून सपाट रंगाचे मोठे पट्टे असलेले चित्र लहान फाइलमध्ये मावते, तर दाणेदार चित्राची फाइल फुगते. फ्रेममधील विलंब सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात. तो 2 पेक्षा कमी ठेवल्यास बहुतेक ब्राउझर त्याऐवजी 10, म्हणजे दशांश सेकंद, धरतात. त्यामुळे अतिवेगवान करायला गेलेले चित्र उलट मंदावते. जीआयएफमध्ये आवाज नसतो.

चित्रण

निम्मे काम मोबाइल किंवा कॅमेरा हाती असतानाच होते. कॅमेरा तिवईवर स्थिर असला तर पार्श्वभूमीचे पिक्सेल प्रत्येक फ्रेममध्ये जवळपास तेच राहतात आणि फाइलमध्ये फक्त बदललेला भाग साठवता येतो. हातातला कॅमेरा किंचित हलला तरी प्रत्येक फ्रेमचा प्रत्येक पिक्सेल बदलतो.

भाताचे पीक हाती येण्याच्या दिवसांत गावागावांत रात्री तारपा नाच होतो. अपुऱ्या उजेडात कॅमेऱ्याचा सेन्सर दाणे उमटवतो आणि ते दर फ्रेमला जागा बदलतात. त्यामुळे शक्य असेल तर सायंकाळच्या उजेडातला तुकडा निवडावा. भारतात वीजपुरवठा 50 हर्ट्झचा असल्याने अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. अशा दिव्यांखाली 25 फ्रेमचा वेग आणि 1/50 सेकंदाचे शटर ठेवल्यास चित्रावर सरकणारे काळे पट्टे येत नाहीत.

निर्मितीची पद्धत

फोटोशॉपमध्ये ‘फाइल – इम्पोर्ट – व्हिडिओ फ्रेम्स टू लेयर्स’ या आज्ञेने व्हिडिओ उघडतो. तिथेच हवा तो तुकडा निवडून दर किती फ्रेममागे एक घ्यायची हे ठरवता येते. प्रत्येक फ्रेम स्वतंत्र लेयर होते आणि टाइमलाइन पॅनेलमध्ये क्रमाने मांडली जाते. त्यानंतर छाटणी, आकार कमी करणे, अक्षरे घालणे ही कामे करून ‘सेव्ह फॉर वेब’मधून रंगसंख्या, डिथरिंग (रंगांचे ठिपके मिसळण्याची पद्धत) आणि पुनरावृत्ती निवडून फाइल साठवतात.

गिंप विनामूल्य असून अनेक मुक्त सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांची तीच पहिली निवड असते. त्यात आधी एफएफएमपेगसारख्या साधनाने व्हिडिओच्या फ्रेम सुट्या पीएनजी चित्रांत उतरवून घेतात आणि ‘ओपन ॲज लेयर्स’ने एकत्र उघडतात. लेयरच्या नावात मिलिसेकंदांचा आकडा लिहून त्या फ्रेमचा विलंब ठरवता येतो. ‘फिल्टर्स – अ‍ॅनिमेशन’मधील ऑप्टिमाइझची सोय न बदललेला भाग वगळते. एक्सपोर्ट करताना ‘ॲज अ‍ॅनिमेशन’ हा पर्याय निवडणे आवश्यक असते, नाहीतर एकच स्थिर चित्र साठवले जाते.

एफएफएमपेगने थेट जीआयएफही करता येतो. त्यातील पॅलेटजेन हा फिल्टर आधी संपूर्ण तुकडा तपासून योग्य रंगांचे पॅलेट काढतो आणि पॅलेटयूज हा फिल्टर ते चित्राला लावतो.

आकाराचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला 30 फ्रेमच्या व्हिडिओतील 3 सेकंदांत 90 फ्रेम असतात. दर तिसरी फ्रेम घेतली की 30 उरतात. विलंब 10 ठेवला की मूळ गती कायम राहते. 1920 × 1080 चे चित्र 480 × 270 केले की पिक्सेल सोळापट कमी होतात. या दोन निर्णयांनी हाताळायची सामग्री 48 पट घटते. रंगांना अजून हात लावलेला नसतो.

रंग : वारली चित्र आणि केळव्याची संध्याकाळ

वारली चित्र आणि जीआयएफ यांचे चांगले जमते. गेरूने सारवलेली भिंत आणि तिच्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, असे दोनच मुख्य रंग. त्रिकोण, वर्तुळ आणि रेषांतून उभी राहणारी माणसे अगदी लहान आकारातही ओळखू येतात. डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा मशे (पद्मश्री, 2011) यांनी ही कला कागदावर आणि जगभरच्या दालनांत नेली. चित्र काढले जात असतानाचा व्हिडिओ घेतला तर भिंतीचा पोत आणि उजेडातील फरक यांमुळे त्यात शेकडो छटा येतात. पॅलेट 16 किंवा 32 रंगांवर आणून डिथरिंग बंद ठेवले की जमीन एकसंध होते, रेघ ठळक उठते आणि फाइलही बरीच लहान होते.

केळव्याच्या समुद्रावरील सूर्यास्त हे याचे नेमके उलटे उदाहरण. केशरी ते जांभळ्या रंगापर्यंतचा सलग उतार 256 रंगांत मावत नाही आणि आकाशात ठळक पट्टे दिसू लागतात. दोन उपलब्ध रंगांचे ठिपके मिसळून तिसऱ्याचा भास देणारे डिथरिंग हे पट्टे झाकते, पण त्या ठिपक्यांनी सलग मालिका तुटतात आणि फाइल वाढते. अशा वेळी आकाश छाटून लाटा आणि सुरूची झाडे एवढाच भाग ठेवणे शहाणपणाचे. एका फ्रेममधील झाडे मास्क लावून स्थिर ठेवली आणि फक्त लाटा हलत्या ठेवल्या, तर चित्र देखणे होते आणि हलकेही.

लूप जुळवणे

शेवटची फ्रेम पहिलीला जिथे मिळते तो सांधा जाणवू नये, ही चांगल्या जीआयएफची कसोटी आहे. त्यासाठी मुळातच पुनरावृत्ती असलेली हालचाल निवडावी. तारपा नाचात मध्ये तारपा वाजवणारा तारपकरी असतो आणि एकमेकांच्या कमरेभोवती हात गुंफलेली माणसे त्याच्याभोवती फिरतात. पूर्ण फेरा चित्रित केला तर फ्रेम फार होतात. जवळून फक्त पावले घेतली, तर पावलांचे एकच आवर्तन पुरते : तोच पाय त्याच ठिकाणी पुन्हा टेकेल ती फ्रेम शोधून तिच्या आधीच्या फ्रेमवर तुकडा संपवावा. ती फ्रेमही ठेवली, तर तीच स्थिती दोनदा येऊन पाऊल अडखळते.

फ्रेम उलट्या क्रमाने जोडून सांधा लपवण्याची युक्ती सर्रास वापरली जाते. तारपा नाचाला ती लावू नये. फेर कोणत्या दिशेने फिरायचा हे तारप्याच्या सुरांवर ठरते, आणि उलट्या फ्रेममध्ये नाचणारे मागे चालताना दिसतात. नाचाची रीतच त्यात चुकीची नोंदली जाते. जव्हारजवळच्या दाभोसा धबधब्यालाही ही युक्ती चालत नाही, कारण पाणी वर चढते. तिथे शेवटच्या काही फ्रेम हळूहळू पुसट करून त्याखाली सुरुवातीच्या फ्रेम उमटू द्याव्यात. पाण्याच्या गर्दीत सांधा दिसत नाही.

औद्योगिक उपयोग

बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत रसायन, कापड आणि पोलाद यांचे कारखाने आहेत आणि तिथे वेगवेगळ्या राज्यांतून आलेले कामगार काम करतात. झडप कोणत्या दिशेने बंद करायची, मास्कचा पट्टा कसा ताणायचा, अग्निशामकाची पिन कशी काढायची, या कृती तीन-चार सेकंदांच्या मूक लूपमध्ये भाषेविना दाखवता येतात. एका जीआयएफमध्ये एकच कृती ठेवावी आणि शेवटच्या फ्रेमचा विलंब सेकंदभर वाढवावा, म्हणजे कृती कुठे पूर्ण झाली ते कळते. चित्रणाला व्यवस्थापनाची परवानगी हवीच. ज्वालाग्राही द्रावकांच्या परिसरात साधा मोबाइल नेणेही धोक्याचे असते. 1969 पासून वीजनिर्मिती करणारे तारापूर अणुऊर्जा केंद्र प्रतिबंधित क्षेत्र असून तिथे परवानगीविना चित्रण करता येत नाही.

मर्यादा, संमती आणि जतन

त्याच तुकड्याचा एमपी 4 व्हिडिओ जीआयएफपेक्षा बहुधा पुष्कळ लहान असतो आणि त्याचे रंगही भरगच्च असतात. व्हॉट्सॲपवर जीआयएफ म्हणून पाठवलेला तुकडाही प्रत्यक्षात आवाज नसलेला छोटा व्हिडिओ म्हणूनच जातो. एपीएनजी आणि वेबपी ही स्वरूपे 256 रंगांच्या मर्यादेतून मुक्त आहेत. तरी जवळपास कोणत्याही ब्राउझरमध्ये आणि जुन्या संगणकावरही विनातक्रार चालणे, हे जीआयएफचे बळ टिकून आहे.

जीआयएफ वेगाने पसरतो आणि पसरताना त्याचा संदर्भ गळून पडतो. म्हणून नाचणाऱ्यांची आणि चित्रकारांची संमती आधी घ्यावी आणि पाडा, तालुका व कलावंताचे नाव चित्रातच लिहावे. सोबतचा मजकूर पुढच्या मोबाइलवर पोचेलच असे नाही. मूळ व्हिडिओ आवाजासह, पूर्ण आकारात, तारीख-ठिकाणाच्या नोंदीसह जपून ठेवावा. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाचे पान यांतून घडलेल्या तारप्याचा सूर हाच नाचाचा आधार असतो आणि जीआयएफमध्ये नेमका तोच नसतो. जीआयएफ पाहून एखाद्याला नाचाची ओढ लागली, तर त्याला दाखवायला आणि ऐकवायला मूळ चित्रण शाबूत असले पाहिजे.