ठिपक्यांमागची मुंबई

लॉकडाऊनमध्ये रोज फोनवर येणाऱ्या कोविडच्या आलेखांचं मूळ शोधत मी १९२७ च्या एका शोधनिबंधापाशी पोचलो. लेखक दोघे: अपघातात दृष्टी गमावलेला केरमॅक आणि हिंदुस्थानात नोकरी केलेला डॉक्टर मॅकेंड्रिक. सगळ्यांना गाठण्याआधीच साथ का ओसरते, याचं गणित त्यांनी मांडलं. पडताळायला आकडे घेतले मुंबईच्या प्लेगचे, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६, दर आठवड्याचे मृत्यू. रेघ ठिपक्यांवर झकास बसते. पण प्लेग यायचा उंदरांवरच्या पिसवांमधून, आणि समीकरणात उंदीर नाहीतच! ही अडचण त्यांनीही कबूल केलीय. मी मात्र सगळ्यात वरच्या ठिपक्यावर झूम करून थांबलो. त्या एका आठवड्यात मुंबईत आठशेहून जास्त माणसं गेली होती.