उंबरठ्याआडचा मार



शाळेच्या पटांगणातली दांडगाई आणि घरातली मारहाण यांची आपण वेगवेगळी खाती मांडतो. एकीला ‘पोरांचा खेळ’ म्हणतो, दुसरीला ‘नवराबायकोची गोष्ट’. इतिहास पाहिला तर दोहोंचे नाते लपत नाही.

१९६१ साली अमेरिकेत आल्बर्ट बांडुरा यांनी ७२ लहान मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांतल्या काही मुलांदेखत एका मोठ्या माणसाने फुगवलेल्या बाहुल्याला बडवले. पुढे तोच बाहुला समोर येताच त्यांच्यापैकी अनेकांनी तशीच मारझोड केली, तेच शब्द उच्चारले. कोणी शिकवले नव्हते. पाहणे पुरेसे झाले.

१९८२ च्या अखेरीस नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्या. सोबत्यांचा छळ हे कारण असावे असे दिसले आणि देश हादरला. १९८३ मध्ये सरकारने शाळाशाळांतून मोहीम उघडली. दान ओल्वेउस या अभ्यासकाने बेर्गेनच्या ४२ शाळांत काम केले. दोन वर्षांत दांडगाई सुमारे निम्म्याने घटली. घरी मायेचा ओलावा कमी आणि माराचा धाक जास्त, तेथे मुलगा आक्रमक होण्याचा संभव वाढतो, हेही त्यांनीच दाखवले होते.

त्याच १९८३ साली आपल्याकडे दंडसंहितेत ४९८-अ कलम आले आणि पत्नीचा छळ हा स्वतंत्र गुन्हा ठरला. २००५ साली कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध कायदा झाला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतली छडी बंद केली. कायद्यांनी दारे वेगवेगळी धरली. पोर मात्र एकाच दिवसात या सगळ्या दारांतून ये-जा करते. सकाळी आईला बसलेली थप्पड पाहून निघालेला मुलगा दुपारच्या सुट्टीत दुबळ्याची मानगूट धरतो, नाहीतर स्वतःच मान खाली घालून मार खातो. मार पाहिलेले प्रत्येक मूल दांडगे होत नाही, हेही खरे. म्हणूनच कोणाच्या कपाळी शिक्का मारू नये.

हा रोग गरिबांच्या चाळीतलाच, असे बंगलेवाल्यांनी समजू नये. आणि मुकादमाने हात उगारला तर काम बंद पाडणाऱ्या कामगारानेही ध्यानात ठेवावे : घरी त्याचा हात उठतो तेव्हा तोच मुकादम झालेला असतो, आणि कोपऱ्यातले पोर मुकादमी शिकत असते. गेटावर मागितलेली माणुसकी उंबरठ्याच्या आत नाकारता येणार नाही.