गोमूत्रातील फिनॉल आणि सल्फेटची गाठ

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील डोणगावात, वऱ्हाडातील इतर गावांप्रमाणेच, सुतक फिटल्यावर घरात गोमूत्र शिंपडण्याची चाल जुनी आहे, तर दवाखान्याची फरशी फिनेलने पुसण्याची चाल त्या मानाने अलीकडची आहे. फिनेलमागे ज्या द्रव्याचा इतिहास आहे ते फिनॉल, म्हणजेच कार्बोलिक आम्ल, गोमूत्रातही असते. १८५१ साली जर्मन रसायनज्ञ गेओर्ग श्टेडेलर यांनी गाईच्या मूत्रात आम्ल घालून ते उकळले आणि निघालेली वाफ थंड केली, तेव्हा तोवर दगडी कोळशाच्या डांबरातून मिळणारे हे द्रव्य त्यांच्या हाती आले. पण ताज्या मूत्राला त्याचा वास का येत नाही, हे कोडे पुढे पंचवीस वर्षे सुटले नाही.

ते सुटले माणसाच्या मूत्रावरून. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी जखमांवर कार्बोलिक आम्ल वापरण्याची पद्धत मांडल्यावर ते रुग्णालयांत सर्रास वापरले जाऊ लागले (१८९६च्या प्लेगमध्ये मुंबईची घरे आणि गटारेही त्यानेच धुतली गेली), आणि अशा रुग्णांचे मूत्र हिरवट काळे पडते असे शल्यविशारदांच्या ध्यानात आले. एरवी मूत्रात बेरियम क्लोराइड टाकले की त्यातील सल्फेटचा पांढरा साका लगेच खाली बसतो. या मूत्रात मात्र तो जेमतेम बसे, आणि आम्ल घालून उकळल्यावर भरपूर बसे. स्ट्रासबुर्गच्या ऑयगेन बाउमान यांनी १८७६ मध्ये याचा उलगडा केला: शरीर फिनॉलला सल्फेटचा गट जोडते, त्यामुळे ते पाण्यात सहज विरघळून मूत्रावाटे बाहेर पडते. गोमूत्रातले फिनॉलही असेच बांधलेले असते, ते जंतूंच्या क्रियेने शिळ्या मूत्रात हळूहळू सुटते; म्हणून ताज्या गोमूत्राला फिनेलचे गुण चिकटवणे रसायनशास्त्राला धरून नाही.

ही गाठ मारणारे विकर, म्हणजे पेशीतील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, सल्फोट्रान्सफरेज या नावाने ओळखले जाते. सल्फेट आपणहून कोणाला चिकटत नाही. पेशी आधी त्याला एका वाहक रेणूवर चढवते आणि विकर तेथून ते उचलून दुसऱ्या रेणूवर ठेवते. हा वाहक रेणू फ्रिट्झ लिपमान आणि फिलिप्स रॉबिन्स यांनी १९५६च्या सुमारास ओळखला, म्हणजे काम दिसल्यानंतर त्याची रीत कळायला ऐंशी वर्षे लागली.

डोणगावच्या औषधांच्या दुकानात तापावर मिळणारे पॅरासिटामॉल हेही फिनॉलच्याच कुळातले असून लहान मुलांचे शरीर त्याच्या निचऱ्यासाठी मुख्यतः याच विकरावर विसंबते. भाकरी आणि वरण यांतील गंधकयुक्त अमिनो आम्लांपासून शरीर आपले सल्फेट बनवते, परंतु हा साठा मर्यादित असल्याने मोठ्या मात्रेत तो लवकर संपतो आणि उरलेले औषध अन्य मार्गांकडे वळते, ज्यांतील एक यकृताला घातक द्रव्य तयार करतो.