कार्यविश्लेषण

कार्यविश्लेषण : एखादी वस्तू किंवा सेवा कशी बनवायची हे ठरवण्याआधी तिने कोणते काम करायचे आहे, हे गटाने मिळून शोधण्याची व लिहून काढण्याची पद्धत. मूल्य अभियांत्रिकीचा, म्हणजे आवश्यक ते काम कमीत कमी खर्चात साधण्याच्या पद्धतीचा, हा गाभा होय.

दुसऱ्या महायुद्धात ठरलेला माल मिळेनासा झाला, तेव्हा अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या खरेदी विभागातील अभियंता लॉरेन्स माइल्स मालाऐवजी त्याच्या कामाला पर्याय शोधू लागला. १९४७च्या सुमारास त्याची पद्धत आकाराला आली. कंपनीतील अ‍ॅस्बेस्टॉसची हकीकत प्रसिद्ध आहे. रंगकामाच्या जागी जमिनीवर अंथरायला अ‍ॅस्बेस्टॉस मिळेना. ते कशासाठी लागते, असे विचारल्यावर रंगाच्या थेंबांमुळे आग लागू नये एवढाच हेतू निघाला. न पेटणारा स्वस्त कागद बाजारात होता. मात्र अग्निसुरक्षेच्या नियमात अ‍ॅस्बेस्टॉसचेच नाव असल्याने आधी नियम बदलावा लागला. कामाऐवजी साहित्याचे नाव लिहिले की गरज अशी अडकून पडते.

प्रत्येक कार्य एक नाम व एक क्रियापद यांत मांडतात : ‘पाणी उचलणे’, ‘उष्णता रोखणे’. ‘पंप बसवणे’ हे कार्य नव्हे, तो उपाय झाला. पुढे कार्याला मोजमाप जोडतात : किती लिटर पाणी, किती उंचीवर, किती वेळात. चार्ल्स बायथवे याने १९६०च्या दशकात मांडलेल्या ‘फास्ट’ आकृतीत कार्यांची साखळी लावतात. उजवीकडे जाताना ‘कसे?’ आणि डावीकडे येताना ‘का?’ याचे उत्तर मिळाले पाहिजे. गटातील मतभेद येथेच उघडे पडतात, आणि पद्धतीचा खरा लाभ तोच आहे. फ्रान्समधील प्रथेत सुरुवातीला तीन प्रश्न घेतात : वस्तू कोणाच्या उपयोगाची, ती कशावर क्रिया करते, कोणत्या हेतूने? तेथील कार्याधारित गरजपत्रात प्रत्येक कार्यापुढे निकष, अपेक्षित पातळी आणि त्या पातळीत किती सूट चालेल, हे नोंदवतात. ही सूट लिहिणे अनेक गट टाळतात. परिणामी आरेखकाला सगळ्याच अटी सारख्या ताठर वाटतात आणि खर्च वाढतो.

गटात आरेखन, उत्पादन, खरेदी व विक्री या विभागांची माणसे असतात. वस्तू वापरणारा आणि तिची दुरुस्ती करणारा यांनाही पहिल्या बैठकीपासून बसवावे. त्यांच्याविना केलेली कार्यांची यादी अपुरी समजावी.